वरकस जमिनीवर साग लावावा की शिवण?

प्रश्न असा आहे: रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरच्या बाजूला एक एकर वरकस, म्हणजे भात न होणारी हलकी जमीन. उतार आहे, वरच्या अंगाला कातळ उघडा पडलेला, खालच्या अंगाला भातखाचरे. कडेने सव्वाशे मीटर बांध. विहिरीचे पाणी मार्चपर्यंत पुरते, आणि शिमग्यानंतर गावची गुरे मोकाट सुटतात. इथे साग लावावा की शिवण, आणि पंधरा वर्षांत हाती काय येईल?

झाड ठरवण्याआधी पहार आणि फावडे घेऊन जमिनीत उतरा. वर, मध्ये आणि खाली असे तीन ठिकाणी मीटरभर खोल खड्डे काढा. अर्ध्या मीटरच्या आत कातळ किंवा घट्ट जांभा लागला, तर त्या पट्ट्यात सागही नको आणि शिवणही नको. दोन्ही झाडे तिथे जगतील, पण वाढणार नाहीत. दहा वर्षांनी मनगटाएवढी वाकडी काठी उभी दिसेल. तो पट्टा काजूला किंवा गवताला सोडा. पाऊण मीटर ते मीटरभर भुसभुशीत तांबडी माती मिळाली तर शिवण. त्याहून खोल, पाणी न साचणारी, खालच्या अंगाला वाहून आलेल्या गाळाची माती असेल तर दोन्ही चालतील. खरी निवड फक्त तेवढ्या जागेपुरती आहे.

सागाला निचरा लागतो आणि मातीत चुना लागतो. मातीचा सामू (pH) साडेसहा ते साडेसात असला की तो खुशीत वाढतो. कोकणातली जांभ्याची माती आम्ल असते, तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस तिच्यातला चुना धुऊन नेतो. त्यामुळे आलापल्लीच्या जंगलातला सरळसोट साग डोळ्यांपुढे ठेवून जांभ्यावर रोपे लावली तर फसगत ठरलेलीच. गडचिरोली-चंद्रपूरची माती वेगळी, पाऊस निम्म्याच्या आसपास, आणि तिथली झाडेही पंधरा वर्षांची नाहीत. शिवण आम्ल माती जास्त सोसते, पण उथळ माती आणि पायाशी साचलेले पाणी तिलाही चालत नाही. शिवण कुठेही येते हा समज किती महाग पडू शकतो याचे मोठे उदाहरण ब्राझीलमध्ये आहे. डॅनियल लुडविग या अमेरिकन उद्योगपतीने १९६७ मध्ये ॲमेझॉन खोऱ्यात जारी नदीकाठची अफाट जमीन घेऊन कागदाच्या लगद्यासाठी शिवण लावली. आपल्याकडचेच झाड, तिकडे मेलिना म्हणून ओळखले जाते. जंगल साफ करणाऱ्या यंत्रांनी माती दाबली गेली, बरीच जमीन रेताड निघाली, तिथे शिवण खुरटली आणि पुढे तिच्या जागी पाइन आणि निलगिरी लावावी लागली. तिथे पैसा आणि यंत्रे भरपूर होती, जमीनच अनुकूल नव्हती.

दोन्ही झाडे एकाच कुळातली, तुळशीच्या. दोन्ही पानझडी, दोन्हींना भरपूर ऊन लागते. बाकी स्वभाव मात्र बराच वेगळा आहे. शिवणीचे पान बदामी आकाराचे, खालून पांढुरके, देठाजवळ दोन बारीक ग्रंथी. सागाचे पान खरखरीत असते, आणि कोवळे पान तळहातावर चोळले की लाल रंग उतरतो. नर्सरीत रोप घेताना ही खूण पाहा. ‘पांढरा साग’ या नावाखाली कुठे शिवण विकली जाते तर कुठे आणखी काही. पाटीवरच्या नावावर जाऊ नका.

आता पंधरा वर्षांचा हिशेब. गोल लाकूड मोजायची जुनी रीत अशी: ओंडक्याच्या मध्यावरचा परीघ घ्या, त्याला चारने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा आणि लांबीने गुणा. ६० सेंमी परीघ आणि ३ मीटर लांबी असेल तर ०.१५ चा वर्ग गुणिले ३, म्हणजे ०.०६७५ घनमीटर, साधारण २.४ घनफूट. परीघ ९० सेंमी झाला तर तोच ओंडका ५.४ घनफूट भरतो. परीघ दीडपट झाला की लाकूड सव्वादोनपट होते. या रीतीत खऱ्या घनफळाच्या साधारण ७८ टक्केच मोजले जाते, कारण साल आणि चिराईतली तूट त्यात धरलेली असते. व्यापारी याच रीतीने मोजत असेल तर त्याने सालीसाठी वेगळी वजावट मागू नये, हे लक्षात ठेवा.

तुमच्या जागी, खालच्या खोल मातीत, पंधरा वर्षांचा साग ५०-६० सेंमी परिघापर्यंत जाईल असे धरा. वासे, खांब आणि छोट्या चौकटी यांपलीकडे त्याचा उपयोग होणार नाही. शिवाय सागाची किंमत गाभ्याला असते, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला नाही. पांढऱ्याचा थर सगळीकडून अडीच सेंमी धरला, तर ६० सेंमी परिघाच्या ओंडक्यात (व्यास १९ सेंमी) गाभा जेमतेम ५४ टक्के बसतो. ९० सेंमीला तो ६८ टक्क्यांवर जातो. म्हणून कोवळा साग तोडणे तोट्याचे: लाकूड कमी, आणि त्यातही निम्मे वाळवी-भुंग्यांचे खाद्य. लहान घेराच्या मालाला आफ्रिकेतून आणि लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्या लागवडीच्या सागाशीही टक्कर द्यावी लागते. वनखात्याच्या सागवनांचे तोडीचे चक्र ५० ते ८० वर्षांचे असते. केरळात निलंबूरला १८४० च्या दशकात लावलेल्या सागांपैकी काही आजही उभे आहेत. १९९० च्या दशकात ‘साग लावा, वीस वर्षांत लखपती व्हा’ म्हणत कंपन्यांनी लोकांकडून पैसे गोळा केले, तेव्हा कागदावरच्या घनफुटांत हा गाभ्याचा हिशेब नव्हताच. ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपांच्या जाहिरातीत आजही तो नसतो. रोप एकसारखे आणि सरळ येईल, एवढाच त्या तंत्राचा फायदा. गाभा भरायला लागणारी वर्षे त्याने चुकत नाहीत.

शिवणीचे गणित निराळे आहे. चांगल्या जागी ती दहा-बारा वर्षांत ८० सेंमी परिघाच्या आसपास जाते. गाभा आणि बाहेरचे लाकूड रंगाने जवळपास सारखेच, फिकट पिवळसर, त्यामुळे गाभ्यावरून भाव पडण्याचा प्रश्न येत नाही. लाकूड हलके असते: वाळलेल्या सागाचा घनमीटर साधारण ६५० किलो भरतो, शिवणीचा ४५०-५०० किलो. एकदा नीट वाळले की ते फारसे फुगत-आकसत नाही, म्हणून दारांची पाने, कपाटे, चित्रांच्या चौकटी आणि वाद्यांची खोडे यांना ते पसंत पडते. जमिनीत पुरायच्या खांबाला मात्र शिवण वापरू नका. भाव सागाच्या जवळपासही जात नाही आणि गिऱ्हाईक जवळच्या वखारीतच शोधावे लागते. लागवडीआधी दोन-तीन वखारींत जाऊन कोणत्या घेराची, किती लांबीची शिवण घेता, हे विचारून या. हे काम लोक शेवटी करतात, तेव्हा झाड आडवे पडलेले असते आणि भाव दुसराच ठरवतो.

माझे मत विचाराल तर पंधरा वर्षांची मुदत डोक्यात असेल तर शिवण लावा. सागाला तीस-पस्तीस वर्षे उभा ठेवायची तयारी असेल, म्हणजे लाकूड पुढच्या पिढीने विकायचे हे घरात मान्य असेल, तरच खालच्या पट्ट्यात साग लावा. दोन्ही हवीत तर वेगवेगळ्या तुकड्यांत. एक आड एक ओळ लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो चुकीचा आहे. शिवण पहिल्या दोन वर्षांतच सागाच्या डोक्यावर जाते, साग सावलीत पडतो, उजेडाकडे वाकतो आणि बारीक राहतो. शिवण तोडेपर्यंत सागाची वाढीची उत्तम वर्षे निघून गेलेली असतात.

गुरांचा मुद्दा तुम्ही प्रश्नात शेवटी घातला आहे, पण निकाल तोच लावेल. सागाचे पान गुरे खात नाहीत. शिवण मात्र गुरे, शेळ्या, जंगलाजवळ असेल तर भेकरेसुद्धा आवडीने खातात. कुंपण नसताना शिवण लावणे म्हणजे चारा लावणे. शेंडा एकदा खाल्ला की चार फुटवे येतात, दुसऱ्यांदा खाल्ला की झुडूप होते, आणि पुढे कितीही छाटले तरी सरळ खोड मिळत नाही. गडगा, म्हणजे दगडांचे कुंपण, घालायला दगड जागेवरच आहे, तेव्हा कंबरभर गडगा आणि त्यावर काटेरी वई पहिल्या तीन वर्षांसाठी घालाच. तेवढा खर्च परवडत नसेल तर हा वाद इथेच मिटला: साग लावा, नाहीतर काहीच लावू नका. सागालाही गुरे अंग घासतात, तुडवतात, पण खाऊन संपवत नाहीत.

वणव्याचेही तसेच. सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर, मार्च-एप्रिलमध्ये गवत पेटते. सागाचे कोवळे खोड जळले तरी बुंध्यातून जोरकस फुटवा येतो, आणि मोठ्या झाडाची जाड साल बरेच सोसते. शिवणही फुटते, पण तिची साल पातळ आणि आगीत होणारे नुकसान जास्त. दिवाळीनंतर गवत कापून सड्याकडच्या बाजूने तीन मीटर रुंद पट्टा मोकळा ठेवा.

लागवड. सागाच्या बिया स्वतः रुजवायच्या भानगडीत शंभर-दोनशे झाडांसाठी पडू नका. फळाचे कवच हाडासारखे टणक असते. आठ-पंधरा दिवस रात्री भिजवून दिवसा उन्हात वाळवले तरी उगवण निम्म्यापर्यंत गेली तर नशीब, आणि तीही महिनोन्‌महिने विस्कळीत. वर्षभराच्या रोपाची जडी, ज्याला सगळे ‘स्टंप’ म्हणतात, तीच घ्या. मानेजवळ, म्हणजे खोड आणि मूळ जुळते तिथे, अंगठ्याएवढी जाड, मूळ १५-२० सेंमी, खोडाचा भाग फक्त ३-४ सेंमी. बोटापेक्षा बारीक, साल सोललेली किंवा मुळाला बुरशी आलेली जडी परत करा. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवली तर काही दिवस टिकते.

जडी लावायला मोठा खड्डा लागत नाही. पहारीने ३० सेंमी खोल भोक पाडा, जडी अशी बसवा की मान मातीच्या पातळीत येईल, मग बाजूला दुसऱ्यांदा पहार घालून माती तिच्याकडे दाबा आणि टाचेने घट्ट करा. दोन बोटांत धरून ओढली तर निघता कामा नये. जड्या मरण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे खाली राहिलेली पोकळी. मुळाला माती लागत नाही आणि जुलैत त्या पोकळीत पाणी भरून मूळ कुजते. तुमच्याकडच्या पावसात हे हमखास होते, म्हणून जडी जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, पहिल्या चांगल्या सरींवर लावा. झोडपा सुरू झाल्यावर लावू नका. उलटी लावलेली जडीही दरवर्षी कुठे ना कुठे सापडते. मजुरांना आखूड टोक वर हे एकदा दाखवून द्या. महिन्याभराने तीन-चार फुटवे येतील, त्यातला सर्वांत जोरकस एक ठेवून बाकीचे हाताने खुडा.

शिवणीची बी सोपी आहे. एप्रिल ते जून या काळात झाडाखाली नुकतीच पडलेली पिवळी फळे गोळा करा. काळी पडलेली नकोत. एक-दोन दिवसांत गर धुऊन काढा, नाहीतर तो आंबतो आणि उगवण घसरते. आठळी सावलीत वाळवा, पेरण्याआधी एक-दोन दिवस पाण्यात ठेवा. दोन ते चार आठवड्यांत उगवते, ताज्या बियांची उगवण ६० टक्क्यांच्या वर जाते. एका आठळीतून दोन-तीन रोपेही निघतात, त्यातले एक ठेवा. रोप पिशवीत वर्षाहून जास्त राहिले तर मुळे तळाशी गोल फिरतात. अशी झाडे पाचव्या-सहाव्या वर्षी वाऱ्याने उपटून पडतात, वरून काही दोष दिसत नाही. पिशवी फाडून पाहा, मुळे गुंडाळलेली असतील तर रोप घेऊ नका.

शिवणीसाठी ४५ सेंमी लांब-रुंद-खोल खड्डा एप्रिल-मेमध्ये काढून तापू द्या. वरची माती आणि पाच किलो कुजलेले शेणखत मिसळून पावसाआधी भरा, तेही जमिनीपेक्षा चार बोटे उंच, कारण माती बसते आणि खळगा झाला की पाणी साचते. अंतर ३ बाय ३ मीटर, म्हणजे एकरी सुमारे ४५०. तुमचा वरचा कातळ वगळला तर जेमतेम अडीचशे-तीनशे बसतील. त्याहून विरळ लावली तर शिवण आडवी पसरते. तिच्या खालच्या फांद्या आपोआप झडत नाहीत, हा तिचा मोठा दोष. दुसऱ्या वर्षापासून दर हिवाळ्यात खालच्या एक तृतीयांश उंचीपर्यंतच्या फांद्या खोडालगत करवतीने काढा. कोयतीने तोडल्या तर खुंट राहतात, त्यातून कूज आत शिरते, आणि फळी चिरल्यावर काळी भोके निघतात. दुशेंडा दिसला तर त्याच वर्षी एक शेंडा कापा, पुढच्या वर्षावर ढकलू नका.

साग २ बाय २ मीटरवर लावतात, एकरी हजार. त्यात पाचव्या-सहाव्या वर्षी, फांद्या एकमेकांत शिरल्या की, एक आड एक तिरक्या ओळी काढाव्या लागतात, आणि दहा-बाराव्या वर्षी पुन्हा एकदा. तोडायला हात धजत नाही म्हणून विरळणी टळते, आणि मग हजार काठ्या उभ्या राहतात, झाड एकही होत नाही. बांधावर एकेरी ओळीत दोन मीटरवर लावून पुढे चार मीटर करा. सागाचा फुलोरा शेंड्यालाच येतो आणि तिथे मुख्य खोडाची वाढ फाटते. लवकर फुलणारा साग म्हणजे आखूड खोड, त्यामुळे बी किंवा जडी कोणत्या झाडांची आहे हे विचारायला संकोच करू नका. दापोलीला कृषी विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय आहे, तिथे चौकशी केल्यास कोकणातल्या झाडांच्या बियांचा पत्ता लागण्याची शक्यता जास्त.

पहिल्या वर्षी तीनदा बेणणी (तण काढणे) करा: जुलैअखेर, सप्टेंबरमध्ये आणि पाऊस उघडल्यावर. सागाला गवताची चढाओढ अजिबात सोसत नाही. ऑक्टोबरात आळ्यावर वीतभर जाड पेंढा किंवा पालापाचोळा घाला, बुंध्यापासून चार बोटे दूर, नाहीतर वाळवी थेट सालीवर चढते. पाणी मार्चपर्यंतच आहे, तर ते पुरवून वापरा: डिसेंबरपासून दर आठ-दहा दिवसांनी झाडाला १०-१५ लिटर. एप्रिल-मेमध्ये पाने गळलेली असतात, तेव्हा झाड मेले म्हणून घाबरू नका. सालीला नखाने ओरखडा काढा, आत हिरवे दिसले तर जिवंत आहे.

किडींचा बाऊ करू नका. सागावर पावसाळ्याच्या सुरुवातीला पानखाऊ अळी येते आणि आठवड्यात झाड उघडे करते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात दुसरी अळी पानाच्या शिरा ठेवून जाळी करते. झाड पुन्हा पालवते, त्या वर्षीची वाढ थोडी घटते, एवढेच. एकरभर सागावर फवारणी करण्याचा खर्च निघत नाही. शिवणीवर पाने खाणारे भुंगेरे येतात, आणि कोवळ्या रोपांवर जाळीदार पंखांचे बारीक ढेकूण रस शोषतात, त्याने शेंडा वाळतो. वाळलेला भाग खालच्या हिरव्या डोळ्यापर्यंत कापून जाळा. बांडगूळ मात्र दिसताच फांदीसकट काढा, शिवणीवर ते फार लवकर फैलावते.

बांधावर लावताना सावली कुठे पडेल हे पाहा. आपल्या अक्षांशावर वर्षातला बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, म्हणून सावली उत्तरेला जाते. उत्तरेच्या बांधावर झाडे लावली तर तुमची खाचरे वाचतात आणि शेजाऱ्याची सावलीत जातात. दक्षिणेच्या बांधावर लावली तर उलट. सामाईक बांधावर लावूच नका. आपल्या हद्दीत दीड मीटर आत या, नाहीतर झाड मोठे झाल्यावर ते कोणाचे यावर तंटा होतो. भाताला पावसाळ्यातली सावली बाधते आणि दोन्ही झाडे नेमकी पावसाळ्यात पूर्ण पानांत असतात. पानझडी झाड पिकाला सावली करत नाही, हे फक्त उन्हाळी पिकापुरते खरे.

तोडणीचा कायदा आत्ताच समजून घ्या. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग आहे, त्यामुळे स्वतःच्या जमिनीतलाही साग परवानगीशिवाय तोडता येत नाही. शिवण त्या अनुसूचीत नाही, तरी तोडणी आणि वाहतुकीआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात चालू नियम विचारून घ्या. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा लागतो. दोन्ही झाडांची नोंद लावल्या वर्षापासून सातबाऱ्यावर आणा, ई-पीक पाहणीत बांधावरची झाडेही भरता येतात. ही नोंद नसेल तर तोडीच्या वेळी झाडे लावलेली की नैसर्गिक, मालक कोण, इथपासून सुरुवात होते.

शिवण तोडायची ती हिवाळ्यात, पाने गळाल्यावर. खुंट जमिनीपासून १०-१५ सेंमी ठेवा आणि काप तिरका घ्या, म्हणजे पाणी थांबत नाही. त्यातून येणाऱ्या फुटव्यांतला एक ठेवला की दुसरे पीक नव्या लागवडीशिवाय मिळते, अर्थात गुरे तोवर आत आली नाहीत तर. ओंडके साल काढून लगेच चिरून घ्या, पडून राहिले की निळसर डाग पडतात आणि भुंगे शिरतात. फळ्या सावलीत, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा आणि वर वजन ठेवा. शिवण सावकाश वाळते, इंचभर जाडीच्या फळीला चार-सहा महिने द्या. सुतार घाई करेल, त्याला पावसाळ्याच्या आत काम उरकायचे असते.